टोकियोनंतरची बावन्न वर्षे

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, थोडा नीटनेटका करून.)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'जिम्नॅस्टिक्स' म्हणालो. त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिले आणि विचारले, "प्रात्यक्षिक नाही ना?" नाही. प्रात्यक्षिकाचे दिवस मिरजेतच संपले. तिथल्या एका तालमीत मी आठ वर्षे मल्लखांब केला. एरंडेल चोळलेला खांब, अढी, तेढी, दसरंग, फिरकी आणि शेवटी वस्तादांची शिवी. १९७९ साली नोकरीनिमित्त कलकत्त्याला आलो, तेव्हापासून खांबाची आणि माझी गाठ पडलेली नाही. सांगण्याइतका मोठा खेळाडू मी कधीच नव्हतो, त्यामुळे आजचे भाषण माझ्याविषयी नाही. जे खरोखर मोठे होते, किंवा झाले असते, त्यांच्याविषयी आहे.

आपल्याला वाटते की कसरत म्हणजे आपली, मराठी माणसाची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला रूप दिले, अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जर्मन लोकांपुढे केली. हे सगळे खरे. पण ज्या शहरात आपण गणपती बसवतो त्या शहराचा इतिहासही काही कमी नाही. नवगोपाल मित्र या गृहस्थांनी १८६७ साली हिंदू मेळा सुरू केला आणि बंगाली मुलांना जिम्नॅस्टिक शिकवायला आखाडा काढला. ट्रॅपीझ, पॅरलल बार, सगळे काही. लहानपणी नरेंद्रनाथ दत्त तिथे जात असत. पुढे ते स्वामी विवेकानंद झाले. ट्रॅपीझचा जड सांगाडा उभा करताना मदतीला आलेला एक इंग्रज खलाशी जखमी होऊन पडला आणि नरेनने त्याची शुश्रूषा केली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत आहे. पुढे नवगोपालबाबूंनी सर्कसही काढून पाहिली.

सर्कस म्हटली की पुन्हा आपण आलोच. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. गवई रहिमतखाँसाहेब याच सर्कशीबरोबर गावोगाव हिंडले, ही आमच्या मिरजेकडे अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट. इकडे १८८७ च्या सुमाराला प्रियनाथ बोस यांनी ग्रेट बेंगॉल सर्कस काढली. तिच्यात सुशीलासुंदरी नावाची बंगाली मुलगी वाघाच्या पिंजऱ्यात जात असे आणि झोक्यावरच्या कसरतीही करीत असे. वाघाने केलेल्या जखमांनी तिचे सर्कशीतले आयुष्य थांबवले. १९२४ साली ती गेली. कलकत्त्यात आज हे नाव कुणाला विचारून पाहा.

तेव्हा जिम्नॅस्टला पोटाला लावणारी जागा एकच होती, ती म्हणजे सर्कस. आमच्या पुण्याचे दामू धोत्रे (जन्म १९०२) मामांच्या सर्कशीत पोरवयात कसरती शिकले, पुढे वाघ-सिंहांकडे वळले आणि अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोहोचले. ते नशीबवान. इथल्या विष्णुचरण घोषांच्या शिष्या रेबा रक्षित छातीवरून हत्ती नेत असत, पन्नासच्या दशकात त्यांच्या नावावर तंबू भरत. त्या २०१० साली वारल्या, तेव्हा बहुतेकांना त्या जिवंत होत्या हेच ठाऊक नव्हते. सर्कशीची वाटही पुढे बंद होत गेली. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ-सिंह गेले, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांना सर्कशीत ठेवण्यास मनाई केली. दोन्ही निर्णय योग्यच होते. मुलांचे तिथे जे हाल होत ते ऐकवत नाहीत. पण उंच झोक्यावरचा जो तरुण कसरतपटू होता, त्याला त्या बदल्यात दुसरे काही मिळाले नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की भारताचे जिम्नॅस्ट १९५२ सालीच ऑलिम्पिकला गेले होते? हेलसिंकीला दोघे, १९५६ साली मेलबर्नला तिघे आणि १९६४ साली टोकियोला सहा जण. एकूण अकरा पुरुष. मेलबर्नच्या तिघांतले शामलाल यांना १९६१ साली, म्हणजे अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, तो मिळाला. आणि टोकियोच्या सहा जणांत दोन नावे अशी आहेत की ती वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: बंडू भोसले आणि विठ्ठल करंडे.

बंडू आणि विठ्ठल! ही नावे आपल्या वाड्यातली, आपल्या आळीतली वाटतात. ऑक्टोबर १९६४ मध्ये हे दोघे टोकियोच्या जिम्नॅशियममध्ये उतरले. त्या काळी पुरुषांना सहा साधने असत: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार्स, हॉरिझॉन्टल बार. प्रत्येकावर एक नेमून दिलेली कसरत आणि एक स्वतः रचलेली. म्हणजे पूर्ण स्पर्धा करणाऱ्याला बारा वेळा पंचांसमोर उभे राहायचे. समोर यजमान जपानी, ज्यांनी सांघिक सुवर्ण मिळवले, आणि युकिओ एंडो, जो त्या वर्षी सर्वोत्तम ठरला. आपली माणसे गुणतक्त्यात तळाच्या बाजूला राहिली. त्याच टोकियोत आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० ने हरवून सुवर्ण परत आणले. साहजिकच वर्तमानपत्रांचा सगळा रकाना हॉकीने खाल्ला.

तळाला राहिले म्हणून ते सामान्य होते असे कुणी समजू नये. ज्या देशात धड गादी मिळत नव्हती, फोम भरलेला खड्डा कुणी पाहिला नव्हता, तिथून सहा जणांचा पूर्ण संघ टोकियोला पोहोचला ही लहान गोष्ट नव्हे. हॉरिझॉन्टल बारवरून सुटताना खाली काय आहे याचा विचार करावा लागला, तर माणूस मोठी उडी घेत नाही. मल्लखांबावरून मातीत उतरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ते सहा जण परतले, आणि त्यानंतर बावन्न वर्षे ऑलिम्पिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये एकही भारतीय दिसला नाही. एखादी पिढी मागे पडली तर समजू शकते, इथे दोन पिढ्या आल्या आणि गेल्या.

त्या बावन्न वर्षांत मुले गुणी नव्हती का? माझ्यापुरते उत्तर सांगतो. आमच्या ऑफिसात डिस्पॅचच्या टेबलावर एक दादा बसत. जमलेल्यांपैकी काही जणांना ते आठवत असतील, नाव मी घेत नाही. मी नवीन असताना त्यांच्या तळहातांकडे पाहून ओळखले की हा माणूस बारवरचा आहे. घट्टे तसेच होते. ते रिंग्जचे खेळाडू, बंगालकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाली. ऑफिसात फुटबॉल संघ होता, कॅरमचे दोन बोर्ड होते, ब्रिजची स्पर्धा होत असे. रिंग्ज कुठे टांगणार? पहिल्या वर्षी सकाळी क्लबात जाऊन नऊला कामावर येत. दुसऱ्या वर्षी लग्न झाले, बेहालाहून ट्रामने येणे-जाणे सुरू झाले. तिसऱ्या वर्षी मी विचारले तर म्हणाले, "ओशोब होये गेछे, भाई." ते सगळे झाले आता. वय फक्त पंचवीस. ऑफिसने खेळाडू घेतला, खेळ घेतला नाही.

यात कुणाला दोष देणे सोपे आहे, पण ज्या घरात पहिली कायम नोकरी येते त्या घराला रिंग्जवरचा क्रॉस समजावून सांगता येत नाही. नोकरी हेच त्या घराचे सुवर्णपदक असते. मिरजेतही तेच पाहिले. मल्लखांबाला तर ऑलिम्पिकही नाही. अलीकडे बरे दिवस आले आहेत, २०१९ साली शिवाजी पार्कला जागतिक स्पर्धा झाली, हिमानी परब हिला अर्जुन पुरस्कार मिळाला, उदय देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री. पण माझ्या बरोबरीची जी मुले खांबावर माझ्यापेक्षा दसपट चांगली होती, ती पोलिसात, एस.टी.त आणि साखर कारखान्यांत गेली.

या खेळाची एक अडचण मात्र इतर खेळांना नाही. क्रिकेटर पंचविशीत फुलतो, जिम्नॅस्टला सहा-सात वर्षांचा असताना सुरुवात करावी लागते. मुलींचे तर तेरा ते पंधरा हे वय सगळ्यात कठीण. उंची वाढते, वजनाचा मध्य सरकतो, काल सहज होणारी कोलांटी आज होत नाही. ती नव्याने शिकावी लागते. नेमकी तेव्हाच दहावी येते. ज्येष्ठ गटात खेळायला मुलगी त्या वर्षात सोळा पूर्ण करणारी असावी लागते. म्हणजे दहा वर्षे घासायचे आणि दार उघडते त्या वेळी घरचे म्हणतात, पुरे आता. बंगालमध्ये आणि महाराष्ट्रात किती मुली या उंबरठ्यावरून परत फिरल्या असतील!

मग २०१६ साली बावन्न वर्षांचा खंड कुणी मोडला? आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने. पण त्या गोष्टीची सुरुवात पन्नास वर्षे आधीची आहे. साठच्या दशकात दलीप सिंग नावाचे हरियाणाचे एक प्रशिक्षक त्रिपुरात गेले आणि तिथेच राहिले. त्यांच्या हाताखालून मंटू देबनाथ तयार झाले, ज्यांना १९७५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्याच परंपरेतले बिश्वेश्वर नंदी. नंदींच्या पत्नी सोमा यांनी दीपाला अगदी लहानपणी हाताशी धरले, मग नंदींनी. पोरीचे तळवे सपाट, म्हणजे या खेळाला मोठेच विघ्न. साधनेही नव्हती. मोडक्या स्कूटरचे सुटे भाग आणि स्प्रिंगा जोडून व्हॉल्टचे साहित्य केले होते. दलीप सिंगांचे नाव किती जणांनी ऐकले आहे? ते १९८७ मध्ये गेले. त्यांनी दीपाला पाहिलेही नाही.

१४ ऑगस्ट २०१६ ची रिओची रात्र आपल्यातल्या अनेकांनी जागून काढली असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये बोउदींनी शंख काढून ठेवला होता. दीपाने प्रोदुनोव्हा हा व्हॉल्ट केला. साध्या भाषेत सांगायचे तर टेबलावर हात टेकून पुढच्या दिशेने हवेत दोन पूर्ण कोलांट्या, आणि मग पायांवर. मान खाली आली तर संपले. तिला त्याचे १५.२६६ मिळाले, पहिल्या व्हॉल्टचे १४.८६६, सरासरी १५.०६६. कांस्य पदक स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रूबरला १५.२१६ वर मिळाले. फरक ०.१५० चा. बसताना ती जरा जास्त खाली गेली, तेवढाच. चौथी.

त्यानंतर जे झाले ते शंख वाजवणाऱ्यांनी फारसे पाहिले नाही. २०१७ मध्ये तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षापासून नव्या नियमावलीत प्रोदुनोव्हाची काठिण्य-किंमत ७.० वरून ६.४ वर आणली गेली. म्हणजे जिच्या जोरावर ती जगात चौथी आली होती, ती हुंडी वटण्यापूर्वीच स्वस्त झाली. धोका तेवढाच, गुण कमी. २०१८ साली तुर्कस्तानात तिने वर्ल्ड चॅलेंज कपचे सुवर्ण घेतले, पण गुडघा पुन्हा पुन्हा त्रास देत राहिला, टोकियो हुकले. मग २०२१ मध्ये घेतलेल्या नमुन्यात बंदी असलेला पदार्थ सापडला आणि एकवीस महिन्यांची बंदी आली, ती जुलै २०२३ मध्ये संपली. तिथे बहुतेकांनी तिची फाईल बंद केली. आणि मे २०२४ मध्ये ताश्कंदला, वयाच्या तिसाव्या वर्षी, तिने आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्ण जिंकले. कोणत्याही भारतीय जिम्नॅस्टला ते तोवर मिळाले नव्हते. ते पदक पॅरिसचे तिकीट मात्र ठरले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. ताश्कंदच्या त्या सुवर्णासाठी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी शंख काढला नाही. माझ्या मते ते रिओच्या चौथ्या क्रमांकापेक्षा मोठे होते. तुम्ही असहमत असाल तर चहाच्या वेळी भांडू.

तिच्या आधीचा अलाहाबादचा आशिष कुमार आठवतो का? २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टचे रौप्य, फ्लोअरचे कांस्य. महिन्याभरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत फ्लोअरचे कांस्य. भारतीय जिम्नॅस्टला असे काही पहिल्यांदाच मिळत होते. मुलगा विशीचा. तिथून वर जायचे तर परदेशी प्रशिक्षक गेले, राष्ट्रीय महासंघात दोन तट पडले, मंत्रालयाची मान्यता गेली, शिबिरे कोण भरवणार यावर वाद. तो नंतरही खेळत राहिला, पण तशी पदके पुन्हा हाती आली नाहीत. फ्लोअरवर अर्ध्या सेकंदाचा हिशेब चालतो, आणि आमच्या कमिट्यांचा हिशेब वर्षांचा. आपल्या मंडळात मतभेद होतात ते मंडपाच्या कापडावरून, त्यात कुणाचे वय निघून जात नाही.

बाहेरही फार वेगळे नाही, याचे समाधान मानावे की दुःख हे कळत नाही. रशियाची येलेना मुखिना १९७८ ची विश्वविजेती. मॉस्को ऑलिम्पिकच्या तोंडावर सरावात मानेवर पडली, उरलेली सव्वीस वर्षे अंथरुणात गेली. चीनच्या झांग शांगवूने २००१ साली जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सुवर्णपदके घेतली, टाचेची दुखापत झाली, पुढे पदके विकली, आणि २०११ मध्ये तो बीजिंगच्या रस्त्यावर कसरती करून पैसे मागताना लोकांना दिसला. पदकांच्या राशी असलेल्या देशांतही हे होते.

आपल्या घराजवळचे एक नाव घेऊन थांबतो. पश्चिम मेदिनीपूरच्या पिंगल्याची प्रणती नायक. बसचालकाची मुलगी. इथे सॉल्ट लेकला साईच्या केंद्रात मिनारा बेगम यांनी तिला वर्षानुवर्षे घडवले. २०१९ मध्ये उलानबातरला आशियाई कांस्य, आणि २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकला गेलेली ती एकटीच भारतीय जिम्नॅस्ट. बंडू भोसले आणि विठ्ठल करंडे ज्या शहरात उतरले त्याच शहरात. कोरोनामुळे सरावाला जेमतेम दोन-तीन महिने मिळाले, अंतिम फेरी गाठता आली नाही. मिनारादी तोवर निवृत्त झाल्या होत्या, त्या टोकियोला नव्हत्या. २०२२ मध्ये दोह्याला प्रणतीने आशियाई कांस्य पुन्हा मिळवले. आणि २०२४ च्या पॅरिसला एकही भारतीय जिम्नॅस्ट नव्हता. बावन्न वर्षांचा खंड मोडला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, त्याला आठच वर्षे झाली होती.



(भाषणानंतर सभासदांनी काही प्रश्न विचारले. त्यातला एक संपादकांच्या सांगण्यावरून इथे देतो.)

एका ताईंनी विचारले, "काका, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पाच वर्षे जिम्नॅस्टिक्स करते, राज्यपातळीवर खेळली. पुढच्या वर्षी आठवी. हे सगळे ऐकल्यावर तिला ठेवू की काढू?"

मी म्हणालो: ताई, तिला विचारा आणि तिच्या प्रशिक्षकांना विचारा. मला विचारू नका. पण ठेवणार असाल तर तीन गोष्टी पाहा. तिच्या क्लबात उतरायला खड्डा किंवा जाड गाद्या आहेत का ते स्वतः जाऊन बघा. येत्या दोन वर्षांत उंची वाढेल, खेळ मागे आल्यासारखा वाटेल, तेव्हा घरात कुणी "आधी किती छान करायचीस" असे म्हणू नका. आणि दहावीच्या वर्षी सराव पूर्ण बंद करू नका, आठवड्याचे दोन दिवस तरी असू द्या. हातांची सवय गेली की ती परत यायला फार वेळ लागतो.

त्या म्हणाल्या, "शनिवारी क्लबला तिला न्यायला-आणायला कुणी नसते, आम्ही दोघेही ऑफिसात."

मी निवृत्त आहे आणि शनिवारी मला काही काम नसते. येत्या शनिवारपासून नेईन म्हणालो. आणखी कुणाची मुले त्या बाजूला जात असतील तर मला सांगावे, टॅक्सीत चार जण बसतात.